'अंगाशी येणे' कळतं ना? मग 'पुट अप विथ'ही कळेल: इंग्रजी फ्रेजल व्हर्ब आणि वाक्प्रचार शिकायची पद्धत

"ताप अंगावर काढू नकोस," असं आई म्हणते तेव्हा आपण अर्थासाठी क्षणभरही थांबत नाही. हेच वाक्य मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला द्या. त्याला 'ताप' येतो, 'अंग' येतं, 'वर' येतं, 'काढणे' तर तो पहिल्याच महिन्यात शिकलेला असतो. तरी अर्थ हाती लागत नाही. मग त्याला सांगा की अंगावर येणे वेगळं, अंगाशी येणे वेगळं आणि अंगात येणे त्याहूनही वेगळं. क्रियापद तेच, नाम तेच. बदलली ती एवढीशी शेपटी, आणि तिच्याबरोबर सगळा अर्थ.

इंग्रजीत 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणं, 'लुक डाउन ऑन' म्हणजे कमी लेखणं. खेळ तोच आहे, फक्त तिथे शेपटी क्रियापदाला लागते. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की फ्रेजल व्हर्ब, म्हणजे अशी शेपटी लागून अर्थ बदललेलं क्रियापद, ही आपल्याला परकी गोष्ट नाही. जी भाषा 'डोक्यात जाणे' आणि 'डोक्यावरून जाणे' यांतला फरक लहान मुलालाही शिकवते, ती बोलणाऱ्याने 'पुट ऑफ' आणि 'पुट आउट'ला घाबरायचं काही कारण नाही.

मी सदाशिव पेठेतल्या एका खोलीत शनिवारी-रविवारी नोकरदार मंडळींना इंग्रजी बोलायला शिकवते. येणारे बहुतेक मराठी माध्यमातले. व्याकरण पक्कं, स्पेलिंग पक्कं, ईमेल व्यवस्थित. अडतं ते बोलण्यात. त्याचं एक कारण शाळेतल्या इंग्रजीत आहे. आपण आधी शिकलो 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट', 'एक्स्टिंग्विश'. हे लॅटिन मुळाचे, भारदस्त शब्द. इंग्रज माणूस घरात म्हणतो 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'लुक इन्टू', 'पुट आउट'. एखादा परदेशी पाहुणा मंडईत जाऊन "कृपया वांग्यांचे मूल्य न्यून करा" म्हणाला, तर चूक काही नाही, पण भाजीवाली त्याच्याकडे बघतच राहील. आपलं बोलणं इंग्रजी कानाला कित्येकदा तसं लागतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका संध्याकाळी मला परदेशातल्या ग्राहकाकडून निरोप आला: 'द डेमो हॅज बीन कॉल्ड ऑफ.' 'कॉल' दिसलं आणि मला वाटलं, डेमो आता कॉलवर होणार. आम्ही चौघं रात्री साडेनऊपर्यंत लॅपटॉप उघडून बसलो. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणं. शब्दकोश माझ्या टेबलावरच होता, पण 'कॉल' मला येतो या खात्रीमुळे तो उघडावासाच वाटला नाही. ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने समोर येतो, आणि आपल्याला शंकाही येत नाही.

पहिली पायरी: यादी लहान करा

अप्पा बळवंत चौकात फ्रेजल व्हर्बची जाडजूड पुस्तकं मिळतात, ए पासून झेड पर्यंत. ती घ्या, पण संदर्भासाठी. त्यांतून क्रमाने पाठ करायला बसलात तर बी अक्षरापाशीच दम लागेल, आणि 'ब्रेक'ची सात रूपं एकमेकांत मिसळून एकही लक्षात राहणार नाही.

डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ साली दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमधली, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या संग्रहातली, फ्रेजल व्हर्ब मोजली. सर्वाधिक वापरातल्या २५ रूपांनीच एकूण वापराचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापला होता आणि पहिल्या १०० रूपांनी निम्म्याहून अधिक. हजारोंच्या ढिगाऱ्यातली शंभर आली की अर्धं काम होतं. त्याच अभ्यासात अडचणीची बाजूही दिसली: नेहमीच्या रूपांना सरासरी पाचाहून अधिक अर्थ आहेत. पुढे २०१५ मध्ये मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी नेहमीची १५० रूपं घेऊन प्रत्येकाचे खरोखर लागणारे अर्थ वेगळे काढले, तेव्हा बहुतेकांच्या वाट्याला एक-दोनच आले.

म्हणजे धोरण असं: शंभर रूपं, प्रत्येकाचा आधी एकच अर्थ. 'टेक ऑफ' म्हणजे विमान उडणं, चपला काढणं आणि धंदा जोरात चालू लागणंही. तुम्हाला आज जो लागतो तो घ्या, बाकीचे वाचताना भेटतील.

दुसरी पायरी: सुरुवात मराठी वाक्यापासून

सगळ्यात जास्त फायदा होतो तो इथे, आणि बहुतेक पुस्तकं नेमकं याच्या उलट करतात. ती इंग्रजी रूप देतात आणि खाली मराठी अर्थ. तुम्ही उलट दिशेने या. दिवसभरात तुम्ही खरोखर बोललेली मराठी वाक्यं लिहून काढा आणि ती इंग्रजीत कशी म्हणतात ते शोधा. गरज आधी, शब्द नंतर. मग तो शब्द बसतो.

एक नेहमीचा पुणेरी दिवस घेऊ. गजर वाजला: 'द अलार्म वेंट ऑफ.' जाग आली, 'आय वोक अप'. पण अंथरुणातून उठले अर्ध्या तासाने, 'आय गॉट अप'. जाग येणं आणि उठणं आपण वेगळं बोलतो, इंग्रजीतही ते वेगळंच आहे. कालची भाजी गरम केली, 'आय हीटेड अप यस्टरडेज भाजी'. दूध संपलं होतं, 'वी हॅड रन आउट ऑफ मिल्क'. इथे 'मिल्क इज फिनिश्ड' म्हणायची आपल्याला सवय आहे. समजतं, पण 'रन आउट ऑफ' शिकलात की दूध, पेट्रोल, वेळ, पैसे आणि सहनशक्ती सगळ्यांना एकच साचा पुरतो. मुलीला शाळेत सोडलं, 'आय ड्रॉप्ड हर ऑफ'. संध्याकाळी आणायला जायचं आहे, 'आय हॅव टू पिक हर अप'.

स्वारगेटला बस बंद पडली: 'द बस ब्रोक डाउन.' विद्यापीठ चौकात अडकले: 'आय गॉट हेल्ड अप.' ऑफिसला उशिरा उगवले: 'आय टर्न्ड अप लेट.' साहेबांनी मीटिंग पुढे ढकलली, 'पुट इट ऑफ'. नवीन मुलाला एक छान युक्ती सुचली, 'ही केम अप विथ अ नाइस आयडिया'. या 'सुचलं'साठी माझे विद्यार्थी कित्येक वर्षं 'आयडिया केम इन माय माइंड' म्हणत आलेले असतात. दुपारी लाइट गेली, 'द पॉवर वेंट आउट'. लक्ष्मी रोडवर जुनी मैत्रीण अचानक भेटली, 'आय रॅन इन्टू अ फ्रेंड'. तिचं आणि सासूबाईंचं छान जमतं, 'दे गेट अलाँग वेल', ब्रिटिश असाल तर 'गेट ऑन'. रात्री भावाला पोचवायला पुणे स्टेशनवर गेलो, 'वी वेंट टू सी हिम ऑफ'.

एका दिवसात पंधराच्या वर रूपं निघाली आणि त्यांतलं एकही कृत्रिम नाही. उद्या दूध संपेल तेव्हा हे वाक्य आपोआप आठवेल, कारण ते तुमच्या ओट्याशी जोडलेलं आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन रकाने आखायला लावते. डावीकडे मराठी वाक्य, जसं तोंडून आलं तसं, 'आलाच नाही मेला'सकट. उजवीकडे पूर्ण इंग्रजी वाक्य. सुटा शब्द लिहायचा नाही. नुसतं 'टर्न अप = उगवणे' लिहिलंत तर तुम्ही उद्या सूर्यालाही 'टर्न अप' करायला लावाल.

तिसरी पायरी: शेपटीचा स्वभाव ओळखा

मराठीत 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत काय फरक आहे? दुसऱ्यात काम पूर्ण संपवण्याचा भाव आहे. इंग्रजीत तो भाव बऱ्याचदा 'अप' आणतो. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून टाक, 'क्लीन अप' म्हणजे सगळं आवरून टाक. 'बसून राहिला', 'बोलत सुटला' यांतल्या राहणे-सुटणेसारखं काम 'ऑन' करतो: 'कॅरी ऑन', 'कीप ऑन', 'गो ऑन'. काम चालू राहतं.

'ऑफ'मध्ये सुटणं, दूर होणं आहे. निरोप देणं, गाडीतून उतरवणं, औषधाचा असर ओसरणं, 'वेअर ऑफ', सगळीकडे काहीतरी कशापासून तरी सुटतं. 'आउट'मध्ये आतलं बाहेर येतं: 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणं, 'पॉइंट आउट' म्हणजे दाखवून देणं, 'टर्न आउट' म्हणजे शेवटी निघणं, जसं 'तो चोर निघाला'. आपणही 'शोधून काढलं' आणि 'चोर निघाला' असंच म्हणतो. काढणे-निघणे हे आपले 'आउट' आहेत. 'डाउन'मध्ये कमी होणं किंवा थांबणं: 'स्लो डाउन', 'कट डाउन', 'काम डाउन', आणि विनंती नाकारली तर 'टर्न डाउन'.

हा नियम नाही, कल आहे. 'गिव्ह अप'मधला 'अप' आणि 'पुट अप विथ'मधला 'अप' या हिशेबात धड बसत नाहीत, आणि बसवायचा हट्ट धरू नका. दहातल्या सहा-सात ठिकाणी अंदाज लागला तरी पाठांतराचं ओझं खूप हलकं होतं. उरलेली जशी आहेत तशी घ्यायची, आपण 'अंगावर काढणे' घेतलं तशी.

चौथी पायरी: 'इट' कुठे बसवायचं

इथे हुशार माणसंही चुकतात. 'पुट ऑफ द मीटिंग' बरोबर, 'पुट द मीटिंग ऑफ'ही बरोबर. पण मीटिंगऐवजी 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चूक. तसंच 'पिक मी अप', 'ड्रॉप हर ऑफ', 'टर्न इट डाउन'. सर्वनाम हलकं असतं, ते क्रियापद आणि शेपटीच्या मध्ये सामावतं.

काही रूपं मात्र फुटत नाहीत. 'लुक आफ्टर हर' बरोबर, 'लुक हर आफ्टर' चूक. 'रन इन्टू', 'गेट ओव्हर', 'पुट अप विथ' याच जातीची. तीन शब्दांची जवळजवळ सगळी रूपं अखंड राहतात.

कोणतं कुठल्या जातीचं हे ओळखायला विद्यार्थ्यांसाठीचा कोश वापरा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. लाँगमनमध्ये फुटणाऱ्या रूपाच्या मधोमध दोन्ही टोकांचा बाण असतो. बाण दिसला की कर्म इकडे किंवा तिकडे चालतं. आणखी एक: 'लुक फॉरवर्ड टू'नंतर 'मीट' नव्हे, 'मीटिंग'. 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.' नोकरीच्या अर्जाखाली ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे, की पहिल्याच तासाला ती फळ्यावर लिहिते.

ऐकताना

हे थोडक्यात. बोलण्यात शब्द जुळून येतात: 'पिक इट अप' कानाला 'पिकिटप' ऐकू येतं. फ्रेजल व्हर्बमध्ये जोर बहुधा शेपटीवर पडतो, 'द बस ब्रोक डाउन'मध्ये 'डाउन'वर. त्याचंच नाम झालं, 'अ ब्रेकडाउन', की जोर पहिल्या भागावर सरकतो. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर 'द इंग्लिश वी स्पीक' नावाचे काही मिनिटांचे भाग आहेत, एका भागाला एक वाक्प्रचार. वनाजहून मेट्रो पकडून डेक्कनला उतरेपर्यंत एक ऐकून होतो. दुसऱ्यांदा ऐकताना ओठ हलवत म्हणा. शेजारचा बघेल, बघू दे.

पाचवी पायरी: वाक्प्रचार ओळखा आधी, वापरा नंतर

आपल्या शाळांनी शिकवलेला सगळ्यात प्रसिद्ध वाक्प्रचार म्हणजे 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. १७३८ मध्ये तो जोनाथन स्विफ्टच्या लेखनात आला होता. आजचा इंग्रज तो क्वचितच बोलतो. साधं 'इट्स पोअरिंग' म्हणतो. म्हणून वाक्प्रचार शिकताना अर्थाबरोबर वयही विचारा. कोशात 'ओल्ड-फॅशन्ड' असा शेरा असेल तर ओळखा आणि सोडून द्या.

आजही चालते-बोलते असलेले काही सांगते. 'अ पीस ऑफ केक' म्हणजे हातचा मळ. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे सठीसहामाशी. 'बीट अराउंड द बुश' म्हणजे मुद्द्यावर न येता आडवळणाने बोलत राहणं. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणं. 'अंडर द वेदर' म्हणजे जरा कसकस, बरं नसणं. हवामानाशी काही संबंध नाही. 'हिट द नेल ऑन द हेड' म्हणजे नेमकं बोट ठेवणं. 'लेट्स कॉल इट अ डे' म्हणजे आजच्यापुरतं पुरे. जुळणारा मराठी वाक्प्रचार सापडला की तो शेजारी लिहा, पण शब्दाला शब्द जुळवू नका. 'पोटात कावळे ओरडतात' इंग्रजीत तसंच नेलंत तर समोरचा डॉक्टरांचा नंबर देईल. मराठी बाजू कच्ची वाटत असेल तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश बघा. १९४२ आणि १९४७ मध्ये दोन भागांत तो याच शहरात निघाला. मोठ्या ग्रंथालयात बसून त्याची पानं चाळणं हा इंग्रजीचाही अभ्यास आहे.

क्रिकेटने तर आपलं काम सोपं करून ठेवलंय. 'ऑन अ स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीत. पावसाने भिजून उन्हात वाळू लागलेल्या खेळपट्टीवर चेंडू कसा उसळेल याचा नेम नसायचा, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. 'ऑफ माय ओन बॅट' म्हणजे कोणी न सांगता, आपणहून. पण हिंजवडीत अमेरिकी ग्राहकांशी बोलताना बेसबॉल येतो, आणि तो शिकावा लागतो. 'अ बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा. 'टच बेस' म्हणजे थोडक्यात बोलून घेणं. 'अ कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण. 'स्टेप अप टू द प्लेट' म्हणजे जबाबदारी अंगावर घेणं. एक सापळा लक्षात ठेवा: 'टेबल द इश्यू' ब्रिटनमध्ये म्हणजे विषय चर्चेला घेणं, अमेरिकेत म्हणजे तो बाजूला ठेवणं. नेमका उलटा. समोरचा कुठला ते बघून अर्थ लावा, आणि स्वतः हा शब्द वापरूच नका.

एक वाक्प्रचार तर आपण त्यांना दिला आहे. ब्रिटिश बोलीत डोकं फिरण्याला 'गोइंग डूलॅली' म्हणतात. हे 'डूलॅली' म्हणजे नाशिकजवळचं देवळाली. १८६१ मध्ये तिथे लष्करी छावणी उभी राहिली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि भ्रमिष्ट व्हायचे. मूळ प्रयोग होता 'डूलॅली टॅप', आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप.

आपल्याकडचे प्रयोग, बाहेरचे अर्थ

भारतीय इंग्रजीतले काही प्रयोग देशात सर्रास चालतात आणि त्यांची लाज बाळगायची गरज नाही. फक्त बाहेर काय समजतील ते माहीत असावं. 'आय पास्ड आउट इन २०१८' आपल्याकडे म्हणजे पदवी घेतली. खडकवासल्याच्या एनडीएतलं 'पासिंग आउट परेड' आपल्या कानात बसलेलं आहे, आणि लष्करात तो प्रयोग ब्रिटिशांचाच. पण एरवी 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं. 'आय ग्रॅज्युएटेड इन २०१८' म्हणा. अर्ज 'फिल अप' होत नाही, ब्रिटनमध्ये 'फिल इन' आणि अमेरिकेत 'फिल आउट' होतो. 'फिल अप' होते ती टाकी. 'कोप अप विथ' असं काही नाही, 'कोप विथ'. 'अप' हा 'कीप अप विथ'मधून घुसला असावा. 'ऑफ द फॅन' नाही, 'टर्न ऑफ द फॅन'. आणि 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही.

सहावी पायरी: रोजची पंधरा मिनिटं

आठवड्याला सात नवी रूपं, जास्त नाही. पंधरा आठवड्यांत १०५ होतात. दिवाळीनंतर सुरुवात केलीत तर होळीच्या आसपास पहिलं शतक पूर्ण. रविवारी सातही निवडून वाक्यासकट वहीत लिहा. सोमवार ते शनिवार पाच मिनिटं उजळणी, पाच मिनिटं ऐकणं, पाच मिनिटं बोलणं.

उजळणीला अंतर हवं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. हे सांभाळायला अँकी नावाचं ऍप आहे, अँड्रॉइडवर फुकट. कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी वाक्य घाला, मागे इंग्रजी. उलटं घातलंत तर वाचता येईल, बोलता येणार नाही.

बोलण्यासाठी जोडीदार शोधा. नाहीच मिळाला तर रात्री फोनवर स्वतःचाच आवाज दोन मिनिटं रेकॉर्ड करा: आज काय घडलं, त्यात आठवड्यातली तीन तरी रूपं. महिन्याने जुनं रेकॉर्डिंग ऐका. कुठे अडखळत होतात आणि आता कुठे अडखळत नाही, ते तुम्हालाच ऐकू येईल.

लिहिताना मात्र हात आखडता ठेवा. करारात, प्रबंधात, सरकारी पत्रात 'पोस्टपोन' आणि 'इन्व्हेस्टिगेट' हेच योग्य; शाळेने शिकवलेलं तिथे कामाला येतं. सहकाऱ्याच्या चॅटमध्ये 'कॅन वी पुट धिस ऑफ टिल मंडे?' शोभतं. आणि एका ईमेलमध्ये एकापेक्षा जास्त वाक्प्रचार नको. तो एकही नक्की बसतो का अशी शंका आली, तर साधं वाक्य लिहून पाठवा.